मिल्टनचा वड आणि स्टीफन्सची ओवी



इंग्रजीच्या तासाला जॉन मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य शिकवायला घेतले की वर्गाचा चेहरा कसा होतो, हे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. पुढच्या दोन बाकांवरची मुले शब्दार्थ लिहून घेतात; मागच्यांचे लक्ष निपाणीकडे जाणाऱ्या बसकडे असते. सैतान, स्वर्गातले युद्ध, आदम आणि ईव्ह, निषिद्ध फळ हे सारे त्यांना फार लांबचे वाटते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मी विद्यार्थी असताना मलाही ते तसेच वाटले होते. परीक्षेपुरते वाचले, गुण मिळाले आणि पुस्तक कपाटात गेले.

मध्यंतरी मात्र वर्गात एक छोटीशी गोष्ट घडली आणि या काव्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. त्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो.

नववा सर्ग चालू होता. सापाच्या रूपाने आलेल्या सैतानाच्या बोलण्याला भुलून ईव्हने फळ खाल्ले आहे. तिच्यामागून आदमनेही खाल्ले आहे. दोघांना आपल्या उघडेपणाची लाज वाटू लागते आणि अंग झाकण्यासाठी ती पाने शोधू लागतात. बायबलमध्ये येथे अंजिराच्या पानांचा उल्लेख आहे. मिल्टन मात्र मुद्दाम थांबतो आणि सांगतो की, हे झाड म्हणजे फळांसाठी नावाजलेले अंजीर नव्हे. मलबारात आणि दख्खनमध्ये राहणाऱ्या लोकांच्या ओळखीचे हे झाड आहे. त्याच्या फांद्या खाली झुकून जमिनीत मुळे धरतात आणि आईभोवती लेकी वाढाव्यात तशी नवी खोडे मूळ झाडाभोवती वाढतात. तिथला गुराखी उन्हाच्या वेळी त्याच्या सावलीत बसून चरणाऱ्या गुरांवर नजर ठेवतो.

‘दख्खन’ हा शब्द मी उच्चारला मात्र, निपाणीजवळच्या एका खेड्यातून येणारी, एरवी गप्प बसणारी एक विद्यार्थिनी एकदम म्हणाली, “सर, म्हणजे ह्यो आमचा वडच की वो!”

वर्ग हसला, पण मुलगी बरोबर होती. मिल्टनच्या नंदनवनातले ते झाड म्हणजे आपला वडच. वड आणि अंजीर एकाच कुळातले आहेत, म्हणून बायबलच्या अंजिराच्या जागी वड ठेवणे मिल्टनला शक्य झाले. पुढे त्याने असेही लिहिले आहे की, या झाडाची पाने लढवय्या स्त्रियांच्या ढालीएवढी रुंद असतात. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वडाचे एक पान घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, “बगा सर, ढालीएवढं कुठलं वो? तळहाताएवढं असतंय. आमची आज्जी ह्याच्याच पत्रावळ्या लावायची.”

मित्रहो, त्या एका पानाने मला जे शिकवले ते मोठमोठ्या टीकाग्रंथांनी शिकवले नव्हते. मिल्टनने वड कधी पाहिलेला नव्हता. जॉन जेरार्ड या इंग्रजाचा वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १५९७ मध्ये निघाला होता. त्यातील वर्णनावरून मिल्टनने हे झाड घेतले, असे अभ्यासक मानतात. ढालीएवढ्या पानाची कल्पना तर थेट प्लिनी या रोमन लेखकापर्यंत जाते. म्हणजे एकाने ऐकले, दुसऱ्याने लिहिले, तिसऱ्याने छापले आणि चौथ्याने काव्यात घातले. १६५२ पर्यंत मिल्टनची दृष्टी पूर्णपणे गेली होती. हे महाकाव्य त्याने तोंडाने सांगितले आणि इतरांनी लिहून घेतले. अशा कवीच्या अंतश्चक्षूंपुढे दख्खनचा वड उभा राहिला, हेच नवल. दोन माणसांनी पाने टाचून अंगाभोवती गुंडाळली हा प्रसंग इंग्रज वाचकाला अद्भुत वाटत असेल. आपल्याकडे मात्र लग्नाकार्यात पानाला पान जोडून चोयांनी टाचणारी आजी घरोघरी होती.

आता या झाडाचे काव्यातील प्रयोजन पाहू. एका खोडातून शेकडो खोडे निघावीत तसा एका चुकीतून चुकांचा विस्तार होत जातो, असा ध्वनी त्या वर्णनात आहे. शिवाय जे झाड गुराख्याला सावली देते, तेच आदम आणि ईव्ह यांना लपायला जागा देते. आसरा आणि लपण यांतला फरक मिल्टनने एका झाडात दाखवला आहे. आपल्या मनात मात्र वडाची जागा निराळी आहे. ज्येष्ठी पौर्णिमेला आपल्या आया-बहिणी वडाला सूत गुंडाळतात ते सावित्रीच्या आठवणीने. सावित्री यमामागे गेली आणि तिने नवऱ्याला मृत्यूकडून परत आणले. मिल्टनचा आदम याच्या बरोबर उलट करतो. ईव्हच्या हातून चूक झाली आहे आणि तिची शिक्षा मृत्यू आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. तो फसत नाही. तिच्यावाचून जगणे नको म्हणून तो जाणूनबुजून फळ खातो. सावित्री प्रेमापोटी मृत्यूला मागे वळवते. आदम प्रेमापोटी मृत्यूच्या मागे जातो. आपल्या वडाखाली उभे राहून मिल्टन वाचला तर ही तुलना आपोआप सुचते.

‘पॅराडाइज लॉस्ट’चा गाभाही याच प्रसंगात आहे. हे काव्य प्रथम १६६७ मध्ये दहा सर्गांत प्रसिद्ध झाले आणि १६७४ मध्ये त्याचे बारा सर्ग करण्यात आले. दहा हजारांहून अधिक ओळींच्या या काव्याचा प्रश्न एकच आहे: देव जर सर्वज्ञ आहे, तर त्याने माणसाला चुकू का दिले? मिल्टनचे उत्तर असे की, देवाने माणसाला तोल सांभाळण्याइतके बळ दिले आणि पडण्याची मोकळीकही दिली. ज्याला चुकता येत नाही, त्याच्या चांगुलपणाला किंमत नाही. म्हणूनच आदम आणि ईव्ह यांच्यात फळ खाण्यापूर्वी झालेला संवाद महत्त्वाचा ठरतो. बागेतले काम वाटून घेऊ आणि वेगवेगळे करू, असे ईव्ह म्हणते. एकटी जाऊ नकोस, असे आदम म्हणतो. आणि शेवटी तो तिला जाऊ देतो. नवरा-बायकोच्या साध्या बोलण्यातून जगाचे भवितव्य ठरते. महाकाव्यात असा घरगुती प्रसंग इतका मोठा झालेला क्वचितच आढळतो.

सैतानाबद्दल तर इंग्रजी वाचकांत दोनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. काव्याचा आरंभच पराभूत सैतानाच्या नरकातील जागे होण्याने होतो. त्याची भाषा तडफदार आहे, त्याचा हट्ट मोठा आहे. विल्यम ब्लेक आणि शेली या कवींना तर मिल्टनचा सैतान त्याच्या देवापेक्षा अधिक जिवंत वाटला. याला मिल्टनच्या आयुष्याचा संदर्भ आहे. त्याने राजसत्तेविरुद्ध लेखणी चालवली होती. पहिल्या चार्ल्स राजाला १६४९ मध्ये देहदंड झाला त्याचे त्याने जाहीर समर्थन केले आणि नव्या सरकारात परभाषांचा चिटणीस म्हणून काम पाहिले. १६६० मध्ये राजेशाही परत आली तेव्हा त्याची पुस्तके जाळण्यात आली आणि काही काळ त्याला कैद भोगावी लागली. अशा हरलेल्या माणसाने बंडखोराचे चित्र काढले. ते फिके कसे निघेल? तरीही चौथ्या सर्गात सैतान एकटा असताना स्वतःशी जे बोलतो ते वाचले म्हणजे मिल्टनने त्याला केवळ वीर केलेले नाही, हे कळते. आपण जेथे जाऊ तेथे आपला नरक आपल्याबरोबरच येतो, याची तेथे त्याला जाणीव होते.

या सगळ्याची चर्चा संपत आली तेव्हा त्याच मुलीने विचारले, “सर, ही गोष्ट मराठीत कुणीच लिहिली नाही काय वो?”

मी चटकन म्हणालो, “लिहिली आहे. आणि तीही एका इंग्रजानेच. मिल्टनच्या आधी पन्नास वर्षे.”

वर्ग चकित झाला, आणि मला मनातून शरम वाटली. कारण मिल्टनवर पानेच्या पाने लिहून मी एम.ए. झालो तेव्हा हे काव्य मी हातातही धरले नव्हते. ते ज्या साष्टी तालुक्यात जन्मले तो बेळगावहून घाट उतरून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते. गोव्याचे काव्य मात्र माझ्यापर्यंत फार उशिरा पोहोचले.

त्या कवीचे नाव थॉमस स्टीफन्स. इंग्लंडातील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ मध्ये त्याचा जन्म झाला. रोमला जाऊन तो जेझुइट संघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गलबतात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचला. त्यावेळी ईस्ट इंडिया कंपनीचा जन्मही झालेला नव्हता. ती १६०० ची. हिंदुस्थानात कायमचा राहिलेला, आपल्याला नावानिशी माहीत असलेला पहिला इंग्रज तोच मानला जातो. तो परत गेला नाही. सुमारे चाळीस वर्षे, बहुतेक काळ साष्टीत, राहून १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले आहे की, इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी जुळते. हाच विचार सर विल्यम जोन्सने मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनंतर.

त्याचे काव्य ‘ख्रिस्तपुराण’. ते १६१६ मध्ये राशोल, म्हणजे रायतूर, येथे छापले गेले. तेव्हा मिल्टन सात वर्षांचा होता. सुमारे ११,००० ओव्यांचे हे काव्य दोन भागांत आहे. ‘पैले पुराण’ छत्तीस अवस्वरूंचे, म्हणजे अध्यायांचे, आणि ‘दुसरे पुराण’ एकोणसाठ अवस्वरूंचे. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदम आणि ईव्ह यांची कथा आणि पुढे यहुदी लोकांचा प्राचीन वृत्तांत येतो. दुसऱ्यात येशूचा जन्म, शिकवण, मरण आणि पुनरुत्थान. म्हणजे ‘पॅराडाइज लॉस्ट’ची संपूर्ण कथा स्टीफन्सच्या पहिल्या पुराणात आधीच सांगून झाली होती.

दोघांनी कथा एकच घेतली, पण मांडणी किती निराळी! मिल्टन मधूनच सुरुवात करतो. स्वर्गातले युद्ध आधी घडलेले असूनही ते आपल्याला पाचव्या-सहाव्या सर्गात देवदूताच्या तोंडून कळते. स्टीफन्स आरंभापासून सरळ सांगत जातो. याचे कारण समोर बसलेले लोक. मिल्टनचा वाचक एकटा, खोलीत पुस्तक घेऊन बसलेला आहे. त्याला मागेपुढे पाने उलटता येतात. स्टीफन्सचा श्रोता रविवारी किंवा सणाच्या दिवशी चर्चमध्ये चार माणसांत बसून ऐकतो आहे. त्याला धागा सुटला तर परत हाती लागायचा नाही. मिल्टनच्या काव्यात प्रश्न पात्रांना पडतात. स्टीफन्सच्या काव्यात मधूनच एखादा श्रोता शंका काढतो आणि पाद्री तिचे निरसन करतो. ही रीत युरोपातली नव्हे. शौनकादी ऋषींनी विचारावे आणि सूताने सांगावे, ही आपल्या पुराणांची रीत आहे. आरंभीचे नमनही त्याने मराठी कवींच्या धाटणीने केले आहे. ज्ञानेश्वरीचे वळण त्याच्या कानात होते, असे वाचताना पदोपदी वाटते. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो आणि ते वाचून कोणाला खटकत नाही.

छंदाच्या बाबतीतही दोघे विरुद्ध टोकांना आहेत. यमक हे रानटी युगाने काढलेले खूळ आहे, अशा आशयाची टिपणी मिल्टनने आपल्या काव्याला जोडली आणि निर्यमक ओळी लिहिल्या. त्याच्या वाक्याचा श्वास लांब असतो. ओळ संपली तरी अर्थ संपत नाही, तो पुढच्या ओळीत वाहत जातो. पुढे १८६१ मध्ये मायकेल मधुसूदन दत्तांनी ‘मेघनादवध’ बंगालीत लिहिले ते याच वळणावर. स्टीफन्सने मात्र ओवी घेतली. चार चरण, पहिल्या तिन्हींना यमक, चौथा मोकळा. प्रत्येक ओवी आपल्यापुरती पुरी. जात्यावर दळता दळता म्हणता यावी, निरक्षराच्याही तोंडी बसावी, अशी ती रचना. एकाला वाचकाला विचार करायला लावायचे होते, दुसऱ्याला श्रोत्याच्या स्मरणात राहायचे होते. दोघांचीही निवड आपापल्या ठिकाणी अचूक आहे. छंद म्हणजे केवळ अलंकार नव्हे, कवीचे आपल्या लोकांशी असलेले नाते त्यातून कळते, हे या दोन काव्यांवरून समजून घेता येते.

भाषेबद्दल स्टीफन्सने स्वतःच खुलासा केला आहे. काव्य मराठीत आहे. पण निव्वळ शुद्ध मराठी सामान्य लोकांना समजणार नाही, म्हणून तिथल्या ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे आज आपण जिला कोकणी म्हणतो तिच्यातील, सोपे शब्द त्याने मिसळले. याच कोकणीचे त्याने लिहिलेले व्याकरण १६४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. मराठीची थोरवी गाताना त्याने तिला फुलांत, सुवासांत, पाखरांत श्रेष्ठ ठरणाऱ्या वस्तूंच्या पंक्तीला बसवले आहे. त्या ओव्या पुष्कळांना पाठ असतात. पुढची अकरा हजार ओव्यांची वाट मात्र फारसे कोणी चालत नाही. ‘मराठीची स्तुती करणारा इंग्रज’ एवढ्यावरच आपले समाधान होते.

येथे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती गाळली तर लेख खोटा होईल. हे काव्य एका जखमेवर उगवले आहे. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडण्यात आली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी उठाव केला. त्यात पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर बोलणी करण्यासाठी बोलावून गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या घरांतून जुन्या पोथ्या काढून घेतल्या गेल्या. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच हे सत्य डोकावते. चर्चमध्ये शिकवण चालू असताना एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? हे साऱ्या काव्याचे निमित्त आहे. मला हा प्रश्न मिल्टनच्या सैतानाच्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोचतो. त्याची पोथी गेली आहे, देऊळ गेले आहे. उरला आहे तो फक्त ओवी ऐकण्याचा कान. तो कान तरी उपाशी ठेवू नका, एवढेच त्याचे मागणे आहे.

स्टीफन्सने ते ऐकले. त्याला धर्मप्रसार करायचा होता हे उघड आहे, आणि ज्या सत्तेने पोथ्या काढून घेतल्या तिच्याच आश्रयाने तो राहत होता, हेही उघड आहे. तरीही त्याने लॅटिन किंवा पोर्तुगीज पुस्तक त्या माणसाच्या हाती दिले नाही. आयुष्याची वर्षे घालून त्याची भाषा शिकली आणि त्याच्याच छंदात उत्तर दिले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी विसरायची नाही. पुढे सत्तेला एवढेही सोसले नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. त्या सुमारास ‘ख्रिस्तपुराणा’च्या तीन आवृत्त्या निघून गेल्या होत्या: १६१६, १६४९ आणि १६५४. त्यानंतर अडीचशे वर्षे पुन्हा छापील आवृत्ती निघाली नाही. आज त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत उपलब्ध नाही.

मग हे काव्य वाचले कसे? त्याचे उत्तर आपल्या सीमाभागातील वाचकांनी लक्ष देऊन ऐकावे. गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानडा प्रांतात जाऊन राहिली. त्यांनी आपल्याबरोबर पुराणाची हस्तलिखिते नेली, नकला केल्या, घरोघरी वाचली. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. म्हणजे इंग्रजाने लिहिलेले, गोव्यात छापलेले मराठी काव्य जपले कोकणी बोलणाऱ्यांनी, आणि तेही आजच्या कर्नाटकात! देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित विल्यम मार्सडेन या इंग्रज पंडिताच्या संग्रहातून लंडनला गेले होते. ते १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने उजेडात आणले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची, मार्सडेन प्रतीवर आधारलेली आवृत्ती आली. या शतकात नेल्सन फाल्काव यांनी केलेले काम पुन्हा बंगळुरूहूनच प्रसिद्ध झाले.

लिपीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. इथल्या भाषेतील पुस्तके इथल्याच लिपीत छापावीत, अशी स्टीफन्सची इच्छा होती. डिसेंबर १६०८ मध्ये, म्हणजे मिल्टन जन्मला त्याच महिन्यात, त्याने आपल्या संघाच्या प्रमुखाला रोमला पत्र लिहून ती मांडली. अडचण अशी होती की, युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, तर इथे जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून सहाशेच्या आसपास साचे लागणार होते. ते जमले नाही आणि काव्य रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्सने मूळ लेखन कोणत्या लिपीत केले, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. लिपीवरून भाषा ठरवणाऱ्यांनी या उदाहरणाचा जरूर विचार करावा.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांसाठीही एक गोष्ट सांगतो. जर्मनीहून आलेल्या फर्डिनंड किट्टेलने १८६२ मध्ये ‘कथामाले’ या नावाने येशूचे चरित्र कन्नड काव्यरचनेत लिहिले. त्याचाच कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूरला निघाला आणि आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. म्हणजे तुमच्याकडे किट्टेल, आमच्याकडे स्टीफन्स. दोघेही परके, दोघेही आपला धर्म सांगायला आलेले, आणि दोघेही आपल्या भाषांची चाकरी करून गेलेले. मराठी माणसानेही पुढे हा विषय हाती घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

हे सगळे वर्गात सांगून झाल्यावर त्या मुलीने पुन्हा एक प्रश्न विचारला, आणि तो विचारताना ती हसत नव्हती. “सर, मग ह्ये पुस्तक नेमकं कुणाचं? मराठीचं, कोकणीचं, का कर्नाटकाचं?”

आपल्या भागात हा प्रश्न साधा नाही. दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत तो आपल्या पाठीशी असतो. घरी एक भाषा, कचेरीत दुसरी, पुस्तकात तिसरी, अशा जगात आपण वाढलो. कोणत्या भाषेवर कुणाचा हक्क, यावर येथे घरेदारे तापलेली आम्ही पाहिली आहेत, आणि आपली भाषा आपल्याला मिळावी ही ओढ खोटी नाही, हेही मी जाणतो. साष्टीतल्या त्या माणसाची मागणी तीच होती.

मी तिला एवढेच म्हणालो, “अगं, पुस्तक ज्याने जपले त्याचे, आणि जो वाचेल त्याचे.” हे उत्तर पुरे आहे असे माझे म्हणणे नाही. पण एवढे खरे की, मिल्टनने आपला वड घेतला तेव्हा वड इंग्लंडचा झाला नाही आणि आपलाही कमी झाला नाही. स्टीफन्सने आपली ओवी घेतली तेव्हा ओवी परकी झाली नाही. आणि मंगळूरच्या घरांनी ते पुराण जपले नसते, तर आज मराठीच्या इतिहासात त्या जागी नुसते नाव उरले असते.

त्या दिवसापासून मी एक पथ्य पाळतो. नवव्या सर्गापर्यंत पोहोचलो की आदल्या दिवशी मुलांना सांगतो, “उद्या येताना वडाचे एक पान घेऊन या.” आणि मिल्टनचे पुस्तक मिटण्यापूर्वी ‘ख्रिस्तपुराणा’चा एक अवस्वरू मोठ्याने वाचून दाखवतो. जुनी भाषा आहे, काही शब्द अडतात. मराठी मुले अडतात तिथे चंदगड-खानापूरकडची मुले कधी कधी अर्थ सांगतात, कारण त्यांच्या घरात कोकणीच्या जवळची बोली असते. एखादा शब्द कन्नड बोलणारा मुलगा ओळखतो. असे करत करत ओवी पुरी होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नसले, तर ते काव्य मागवा; मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक अवस्वरू वाचा. मिल्टन परीक्षेसाठी वाचावाच लागतो. स्टीफन्स कुणी वाचायला लावत नाही, म्हणून तो आपण होऊन वाचला पाहिजे.